वीस ग्रॅमचा लाडू

धुण्यात टाकण्याआधी आक्कांनी अण्णांचा रुमाल झटकला आणि न्हाणीच्या फरशीवर नाचणीच्या लाडवाचे चार कण पडले.

"त्रिशला, इकडं ये," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की मला वाटलं साप निघाला.

मी पिठाच्या हातानं तशीच गेले. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, कमरेवर हात ठेवून त्या चार कणांकडं बघत उभ्या होत्या.

"हे काय आहे?"

"लाडू."

"कुणाच्या रुमालात?"

"अण्णांच्या."

"मी म्हणत नव्हते?"

त्या म्हणत होत्या, हे खरं. गेले पंधरा दिवस त्या दुसरं काही म्हणतच नव्हत्या. त्यांचं म्हणणं एकच, की आमचे सासरे, अण्णाप्पा मगदूम, वय वर्षं सदुसष्ट, निवृत्त भूमापक, हे चोरून गोड खातात.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा गडहिंग्लजच्या या घरात सहा महिन्यांची सून होते, आणि दीडशहाणी होते. याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

अण्णांची थोडी ओळख करून द्यायला हवी. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. भाऊभाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असायचे आणि मधून हे मोजणीची साखळी ओढत जायचे. कुणाच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा घरून न्यायचे. मगदूम अण्णांनी रोवलेला दगड म्हणजे रोवला, असं अजून तालुक्यात म्हणतात. त्यात आमचं जैनाचं घर, नेमाला फार मान. दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं, आणि एखादा नेम घेतला की तो मोडायचा नाही, मग पाहुणा येवो की पूर. अण्णांना नेम घ्यायची आवडच होती. एक महिना ताटात पाचच पदार्थ, एक महिना तूप बंद, असं काही ना काही चालू असायचं. फक्त गोडाचा नेम त्यांनी कधी घेतला नव्हता. तिथं माणूस कच्चा होता. पुरणपोळीच्या दिवशी ते सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी विचारायला यायचे.

आणि नेमकी त्यांना साखर निघाली.

डॉक्टरांनी गोळी दिली आणि गोड बंद सांगितलं. दोन दिवस अण्णा पुढच्या पडवीत, सोप्यावर, पेपर उलटा धरून बसल्यासारखे बसले होते. मला ते बघवेना. आणि इथं माझा शहाणपणा आडवा आला. मी कोल्हापुरात अन्नशास्त्राचा डिप्लोमा केला होता. माझी आई रुकडीत बायकांचा बचत गट चालवायची, नाचणीचे लाडू करायच्या त्या. लग्नाच्या आधी त्यांच्या पाकिटाचं लेबल मीच केलं होतं. नुसतं नाव आणि गुलाबाचं फूल असलेलं नव्हे, चांगलं चौकटीतलं, आकडे घातलेलं. पाककृतीतला एकेक जिन्नस तक्त्यात बघून, बारा लाडू काट्यावर ठेवून, सरासरी काढून. एक लाडू वीस ग्रॅम. उष्मांक शहाऐंशी. साखर पाच ग्रॅम. बायकांचे हात लहानमोठे, म्हणून एक स्टीलची वाटीसुद्धा ठरवून दिली होती, त्या वाटीनं मिश्रण घ्यायचं आणि मगच वळायचं.

तर मी ते पाकीट घेऊन अण्णांबरोबर डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं.

"कुणी केलंय हे?"

"मी."

"बरंय. एवढासाच लाडू असेल तर सकाळी एक, संध्याकाळी एक चालेल. पण मोजून."

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आपण जग जिंकलं. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, महावीरांच्या तसबिरीपुढं उभं राहून नेम घेतला, "रोज दोन नग. तिसरा नाही." आणि मोजणीच्या वहीसारखी एक लांबट वही केली, तीत रोज टिपायचं, सकाळी एक, संध्याकाळी एक. लाडू माझ्या माहेरून त्याच छापील पाकिटांतून यायचे, आई दर पंधरा दिवसांनी एसटीच्या गाडीनं पाठवायची.

महिन्यानं रक्त तपासलं. उपाशीपोटी एकशे साठ होती ती दोनशे दहा झाली.

डॉक्टर म्हणाले, अजून एक महिना बघू, नाहीतर इन्सुलिनची सुई चालू करू. अण्णा वाघाला भिणार नाहीत, पण सुईला भितात. घरी आल्यावर आक्का बोलल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. गोळी घेतात, भात कमी केलाय, लाडू मोजके, मग साखर चढते कशी? चोरून खातात.

"मी नेम घेतलाय," अण्णा म्हणाले.

"नेम लाडवाचा घेतलाय. पेढ्याचा कुठं घेतलाय?"

तेव्हापासून लाडवाच्या डब्याला कुलूप लागलं आणि किल्ली आक्कांच्या पदराच्या गाठीत गेली. रोज दोन वेळा त्या गाठ सोडायच्या, लाडू काढायच्या, गाठ बांधायच्या. डब्यातले लाडू मोजायच्या. एकदाही कमी भरले नाहीत, आणि त्यामुळे त्यांचा संशय आणखीनच वाढला. माझा नवरा सुकुमार बँकेत कारकून. त्याला त्यांनी सकाळी अण्णांच्या मागावर पाठवलं. तो बिचारा रविवारची झोप सोडून, टोपी घालून, दोन विजेच्या खांबांइतकं अंतर ठेवून बापाच्या मागं गेला. अण्णा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेले, दर्शन घेतलं आणि परत आले. दारात थांबून त्यांनी मागं न बघताच विचारलं, "सुकुमार, चहा झाला का रे तुझा?"

तर असं सगळं चाललेलं, आणि त्यात हा रुमाल.

सोप्यावर कोर्ट भरलं. आक्कांनी रुमाल टीपॉयवर पसरला. अण्णा आरामखुर्चीत. सुकुमार दाराच्या चौकटीला टेकून, म्हणजे पळायला सोपं. मी खांबाजवळ.

"काल संध्याकाळी लाडू हातात घेतलात आणि बाहेर गेलात," आक्का म्हणाल्या. "मला वाटलं खात खात फिरायला चाललात. रुमालात कशाला बांधला?"

अण्णांनी रुमालाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "तो माझा संध्याकाळचा होता," ते म्हणाले. "वहीत टिपलाय."

"मग इथं का नाही खाल्ला?"

"काम होतं."

"लाडवाचं काय काम असतं?"

आता खरं तर तेवढ्यावर राहिलं असतं. आक्का बडबडल्या असत्या, अण्णांनी पेपर उघडला असता. पण अण्णा मला म्हणाले, अगदी सहज, "सूनबाई, त्या लाडवाचा आकडा एकदा परत बघशील का गं? कागदावरचा."

आणि मला राग आला. काय सांगू, असा आला की कानशिलं तापली. सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती, माझ्या भाकरीला नकाशा म्हणाल्या होत्या, ते सगळं मी हसून घेतलं होतं. पण माझं लेबल! माझ्या आयुष्यातलं पहिलं छापून आलेलं काम, आणि तेही माझ्या आईच्या लाडवाचं. स्वतः चोरून खायचं आणि बिल माझ्या माहेरावर फाडायचं?

"अण्णा," मी म्हटलं, "लेबल खोटं बोलत नाही. माणूस बोलतं."

सुकुमारनं मान खाली घातली. आक्कांनासुद्धा ते जास्त झालं, त्या रुमालाची घडी घालायला लागल्या. छत्तीस वर्षं ज्याच्या साखळीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्या माणसाला मी, सहा महिन्यांची सून, खोटारडा म्हणाले होते. शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं, पण परत घ्यायला जीभ वळेना.

अण्णा रागावले नाहीत. थोडं हसल्यासारखं केलं. मग उठले, तसबिरीपुढं गेले आणि मोठ्यानं म्हणाले, आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझ्यावरचा आळ जाईपर्यंत गोड वर्ज्य. ज्यानं घातला त्यानं काढेपर्यंत."

नेम म्हणजे नेम. दुसऱ्या दिवशी आक्कांनी पदराची गाठ सोडून लाडू पुढं केला, तर त्यांनी हात जोडले. तिसऱ्या दिवशी सुकुमारचा वाढदिवस होता, खीर केली होती. अण्णांनी वास घेतला आणि ताट पुढं सरकवलं. तो वास घेतलेला मला बघवला नाही. पण बोलायचं काय? माझा लेबलावर विश्वास होता, आणि अण्णांवरही होता, आणि दोन्ही एका वेळी खरं असणं शक्य नव्हतं. मग मी काय केलं, तर दोघांपैकी जे कागदावर छापलेलं होतं त्याच्यावर विश्वास ठेवला.

पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. एकशे अठ्ठावीस.

आता तुम्हाला वाटेल सगळे खूश झाले असतील. कुठलं काय. आक्का रिपोर्ट हातात घेऊन सोप्यावर उभ्या राहिल्या.

"बघा की. चोरी बंद झाली, साखर उतरली. आता तरी कबूल करा."

म्हणजे चढली तरी चोर आणि उतरली तरी चोर. अण्णा म्हणाले, "सुई टळली ना, झालं तर मग," आणि चपला घालून फिरायला गेले. मी मात्र रिपोर्ट घेऊन स्वयंपाकघरात बसले. काहीतरी खटकत होतं. घरात बाकी काहीच बदललं नव्हतं. भात तेवढाच, गोळी तीच, फिरणं तेच. गेले होते ते फक्त दोन लाडू. दोन लाडवांची साखर लेबलाप्रमाणं दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. दोन चमच्यांनी एवढा फरक? मी स्वतःला समजावलं, चोरीचे पेढेही बंद झाले असतील. मनाला काय, हवं ते पटतं.

मग गुरुवारी सुकुमार कोल्हापूरहून आला. बँकेच्या कामाला गेला होता. पिशवीतून त्यानं एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर नाचवलं.

"ओळख कुणाचं? बचत गटांचं प्रदर्शन होतं टाउन हॉलच्या बागेत. तुझ्या आईचा स्टॉल नव्हता, पण पाकीट होतं. मी सांगितलं तिथल्या बाईंना, हे लेबल माझ्या बायकोनं केलंय."

"मग?"

"मग काही नाही. त्या म्हणाल्या, सुट्टे द्या."

मला बाई हसू आलं. खूप दिवसांनी आलं. मी पाकीट फोडलं, आणि हसू तिथंच थांबलं. आत लाडू होते लिंबाएवढे. नीट, सारखे, एका मापाचे. मी आमच्या डब्याकडं बघितलं. त्याला आता कुलूप नव्हतं, कारण चोरच संन्यासी झाला होता. डब्यातला एक लाडू काढून शेजारी ठेवला. तो चिकूएवढा होता.

माझ्या ट्रंकेत कॉलेजातला छोटा बॅटरीचा काटा होता. सहा महिन्यांत मी तो बाहेर काढला नव्हता. का काढीन? आईच्या लाडवाला कुणी काटा लावतं का? सुकुमार आंघोळीला गेल्यावर मी काटा ओट्यावर मांडला. बाजारच्या पाकिटातले लाडू एकेक करून ठेवले. वीस. एकवीस. एकोणीस. वीस. माझं लेबल बरोबर होतं, मी नीटच मोजलं होतं. मग डब्यातला ठेवला. अठ्ठेचाळीस.

दुसरा ठेवला. एक्कावन्न.

मी तुकडा मोडून तोंडात टाकला. मग बाजारच्या लाडवाचा टाकला. आमच्या डब्यातल्यात गूळ जवळजवळ दुप्पट होता. आता डिप्लोमा कामाला आला. एका लाडवात साखर पाच नव्हे, जवळपास वीस ग्रॅम. दोन लाडू म्हणजे चाळीस. त्या साखरेच्या माणसाला मी, लेबल दाखवून, डॉक्टरांची परवानगी काढून, रोज आठ चमचे साखर चारत होते आणि वर खोटारडा म्हणत होते.

आता सांगून टाकायचं की नाही? अहो, शरमेनं मला ते जमलं नाही. सांगायचं म्हणजे आक्कांसमोर सांगायचं. मग काय होणार, ते मला दिसत होतं. "तुझ्या आईनं माझ्या नवऱ्याला सुईपर्यंत नेलं," हे वाक्य मला त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. म्हणून मी चोराची वाट धरली. बाजारचे लाडू पातेल्यात लपवले, काटा ट्रंकेत ठेवला आणि आईला फोन लावला, की गुपचूप लहान लाडू पाठव. पण आई फोनवर मला बोलूच देईना.

"अण्णांनी माझे लाडू सोडले म्हणे? जावईबापू बोलले मला. काय चुकलं आमचं? मी रविवारी येते."

"आई, ऐक तरी..."

"आल्यावर ऐकते." फोन बंद.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. अण्णांना वाढताना माझी नजर ताटाच्या वर जात नव्हती. ते मात्र नेहमीसारखे. शनिवारी जेवताना म्हणाले, "सूनबाई, आज आमटी झक्क झाली. मापात." मला वाटलं सहज म्हणाले.

रविवारी दहाच्या गाडीनं आई आली. हातात दोन पिशव्या, मांडीवर धरून आणलेला डबा, आणि चेहऱ्यावर लेकीच्या सासरी काहीतरी बिनसलंय हा घोर. पाणी प्यायच्या आधीच तिनं डबा उघडून अण्णांच्या पुढं ठेवला. ताजे लाडू, तुपानं चकाकणारे.

"अण्णा, काही चुकलं असेल तर सांगा. पण आमच्या हातचं टाकू नका."

"टाकलं नाही, विहीणबाई," अण्णा म्हणाले. "लाडू उत्तम आहेत. मीच नेम घेतलाय."

"नेम कसला," आक्का पदर सावरत म्हणाल्या. "खरं काय ते सांगा की विहिणीला. चोरून खात होते ताई, साखर दोनशेच्या वर गेली. तुमचे दोन लाडू मोजून देत होते मी, लेबल बघून. तरी चढली. आता सगळं सोडलंय तर उतरली."

आईचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. "अण्णा चोरून?" ती म्हणाली. तिला ते खरं वाटत नव्हतं, आणि विहिणीला खोटं पाडायचीही सोय नव्हती.

अण्णा म्हणाले, "जाऊ द्या. वयोमानानं होतं."

हे मात्र मला सहन झालं नाही. तो माणूस माझ्या आईची लाज राखायला आपल्या तोंडानं आळ पत्करत होता. मी आत गेले. पातेल्यातलं पाकीट काढलं, ट्रंकेतून काटा काढला आणि दोन्ही आणून टीपॉयवर ठेवलं, ज्यावर तो रुमाल पसरला होता.

"अण्णांनी चोरलं नाही," मी म्हटलं. "हे बघा."

बाजारचा लाडू ठेवला, वीस. काढला. आईच्या डब्यातला ठेवला. ताजा होता, पन्नास. चौघंही काट्याकडं बघत होते. मी पुन्हा एकदा दोन्ही ठेवून दाखवले.

"म्हणजे काय?" आक्का म्हणाल्या.

"म्हणजे आपण मोजून दोन दिले, पण ते पाच होते. गूळ धरला तर आठ."

सगळ्यांची मान आईकडं वळली. आई गोंधळली, पण क्षणभरच. मग ती मलाच रागावली.

"हे बाजारचं पाकीट आहे गं. त्या वाटीनं वळलेले. ते दुकानात जातात. इथले मी स्वतः वळते, वाटी न लावता. लेकीच्या सासरी लिंबाएवढा लाडू पाठवू? काय म्हणतील व्याही, हात आखडला म्हणून? तूप सैल हातानं घातलंय, गूळ वाढवलाय, नुसती नाचणी घशाला लागते."

"आणि लेबल?"

"पाकिटं छापून आलीत त्यातच भरणार ना? लेबल काय, बाजारच्या माणसाला. घरच्या माणसाला लेबल कशाला लागतं?"

वर्षानुवर्षं मी आता हेच काम करते, कारखान्यांच्या पाकिटांवरचे आकडे तपासायचं, आणि एक प्रश्न सगळ्यात आधी विचारते, नमुना कुणी वळला आणि कुणासाठी. तो प्रश्न मला त्या दिवशी आईनं शिकवला. तिनं खोटं काहीच केलं नव्हतं. लेबलही खोटं नव्हतं. फक्त ते दुसऱ्या लाडवाचं होतं.

आक्का हळूच खुर्चीत बसल्या. "म्हणजे हे खात नव्हते?"

"नाही."

"आणि मी पदराला किल्ली बांधून हिंडत होते. झोपतानासुद्धा." त्या अण्णांकडं बघून म्हणाल्या, "अहो, पण मग रुमालात कशाला बांधला होता लाडू?"

अण्णांनी खिशातून ती लांबट वही काढली, पान उलटलं आणि माझ्यापुढं धरली. त्यांच्या मोजणीच्या बारीक अक्षरात, रुमाल सापडला त्याच्या आदल्या दिवसाच्या तारखेला, लिहिलं होतं: सकाळी एक. संध्याकाळी एक, वजन करून. सराफाचा काटा. कागद २०, जागेवर ४८.

"पेठेतल्या सराफाकडं गेलो होतो," ते म्हणाले. "त्याचा काटा खरा. त्यानं विचारलं, अण्णा, ग्रॅममध्ये सांगू की तोळ्यात? पावणेपाच तोळ्यांचा लाडू निघाला. तिथंच बसून खाल्ला, नेमातला होता."

मी वही हातात घेतली. "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत? मी एवढं टाकून बोलले तरी?"

"विचारलं होतं तुला, आकडा एकदा बघ म्हणून. तू भांडायला उठलीस." ते अजिबात न दुखावल्यासारखे हसत होते. "मोजणीत आमची एक रीत होती. कागद आणि जमीन जुळली नाही, तर ज्यानं कागद केला त्यालाच जागेवर बोलवायचं. त्याच्या हातात साखळी द्यायची. आपण दाखवलं तर तो जन्मभर भांडतो. त्याचं त्याला दिसलं तर तो स्वतः खोडून लिहितो. अठरा दिवस लागले तुला. माझा अंदाज दहाचा होता."

आई डोळ्याला पदर लावत होती. आक्का तिला म्हणत होत्या, "रडताय कशाला, साखर उतरली की आता." सुकुमार त्या सगळ्यात बाजारचा तिसरा लाडू खात होता.

मी उठले. तसबिरीकडं तोंड करून बोलायचं की अण्णांकडं, ते कळेना. शेवटी अण्णांकडंच बघून म्हटलं, "अण्णा, माणूस खरं बोलत होता. माझं चुकलं." आणि पाया पडायला वाकले तर त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

"आळ गेला," ते आक्कांना म्हणाले. "सुरी आणा."

आक्कांनी सुरी आणली. अण्णांनी आईच्या डब्यातला मोठा लाडू उचलला, काट्यावर ठेवला, मग ताटलीत ठेवून कापला. एक तुकडा काट्यावर ठेवला, चोवीस भरला. थोडा कोपरा काढला. बावीस. अजून एक कण काढला. वीस. पाहुणी समोर, सून समोर, आणि सदुसष्ट वर्षांचा माणूस जिभेचं टोक दातात धरून लाडवाची हद्द कायम करत होता.

"गूळ जास्त आहे, अण्णा," मी म्हटलं. "वीससुद्धा जास्तच होईल."

"माहीत आहे. म्हणून आज हा एकच. उद्यापासून वाटीचे." त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ त्यांनी तो चघळला. मग ताटलीत उरलेला मोठा तुकडा आणि कापलेले कोपरे सगळे गोळा करून माझ्या हातावर ठेवले.

"कागदावर होता तेवढा माझा," ते म्हणाले. "वरचा तुझ्या आईनं तुझ्यासाठी घातला होता. तो तू खा."

आईनं पदराआडून बघितलं. मी तो तिथंच, उभ्याउभ्या खाल्ला. गूळ खरंच फार होता.